विकतच्या माइल्सचे मोल

विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजना, म्हणजे प्रवाशाला त्याच्या प्रवासाच्या किंवा खर्चाच्या प्रमाणात माइल्स अथवा पॉइंट्स देऊन पुढे त्यांच्या बदल्यात तिकीट काढू देणाऱ्या योजना, आता केवळ प्रवासातून कमावण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. अनेक कंपन्या हे माइल्स सभासदांना थेट पैसे घेऊन विकतात आणि वर्षातून अनेकदा त्यांवर भरघोस बोनस जाहीर करतात. अशी जाहिरात समोर आली की ग्राहक प्रथम दर पाहतो आणि ज्या योजनेचा माइल स्वस्त ती योजना चांगली, असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा फसवा ठरतो, कारण एका योजनेचा माइल आणि दुसऱ्या योजनेचा माइल यांत नावापलीकडे फारसे साम्य नसते. एकाच विमानातील एकाच आसनासाठी एक योजना ५० हजार माइल्स मागते, तर दुसरी ८५ हजार. रुपया आणि येन यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून माइल्स विकत घेण्याचा विचार करणाऱ्याने योजनांची तुलना माइलच्या दरावर न करता आपल्याला हव्या असलेल्या ठरावीक तिकिटाच्या एकूण खर्चावर करावी.

माइल्स विकण्याचा व्यवसाय कंपन्यांना इतका प्रिय का आहे हे कळले की त्या बोनसकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली आणि त्याच महिन्यात युनायटेडने आपली 'मायलेज प्लस' आणली. तेव्हा हेतू एवढाच होता की १९७८ च्या नियंत्रणमुक्तीनंतर वाढलेल्या स्पर्धेत प्रवासी आपल्याकडे टिकून राहावा. पुढे क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका या माइल्सच्या सर्वांत मोठ्या खरेदीदार झाल्या आणि योजना स्वतःच नफ्याचे केंद्र बनल्या. करोनाकाळात विमाने जमिनीवर असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली योजना तारण ठेवून सुमारे ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने त्याच वर्षी 'स्कायमाइल्स'च्या आधारे ९ अब्ज, तर अमेरिकनने २०२१ मध्ये १० अब्ज डॉलर. विमाने उडत नसतानाही ज्या मालमत्तेवर एवढे कर्ज मिळते ती मालमत्ता म्हणजे माइल छापण्याचा आणि त्याचे मूल्य ठरवण्याचा कंपनीचा अधिकार. सभासदाला विकलेला माइल कंपनीला आजच रोख पैसा देतो, आणि त्याबदल्यात द्यावयाचे आसन किती माइल्सना द्यायचे हे मात्र उद्या तीच ठरवते.

विक्रीची भाषाही नीट वाचावी लागते. जाहीर किंमत मुद्दाम चढी ठेवलेली असते, प्रति माइल साधारण अडीच ते साडेतीन अमेरिकी सेंटच्या आसपास, आणि त्या किमतीला क्वचितच कोणी घ्यावे अशी स्थिती असते. खरी विक्री बोनसच्या काळातच होते. बोनस आणि सवलत यांतला फरक येथे ध्यानात घ्यावा. ३ सेंटच्या माइलवर ४० टक्के सवलत मिळाली तर तो १.८ सेंटला पडतो, पण ४० टक्के बोनस मिळाला तर त्याच पैशात १ ऐवजी १.४ माइल्स मिळतात आणि माइल सुमारे २.१४ सेंटला पडतो. १०० टक्के बोनस म्हणजे प्रत्यक्षात निम्मी किंमत, त्याहून अधिक काही नाही. मोठा बोनस बहुधा मोठ्या खरेदीच्या टप्प्यावरच लागू होतो, त्यामुळे ३० हजार माइल्सची गरज असलेला ग्राहक ८० हजार घेण्याच्या मोहात पडतो. अमेरिकी कंपन्यांच्या माइल्सवर ७.५ टक्के केंद्रीय अबकारी कर आकारला जातो आणि तो दर्शनी दरात नेहमीच मिळवलेला नसतो. भारतातील कार्डाने डॉलरमध्ये रक्कम भरल्यास बँकेचे परकीय चलन शुल्क, अनेक कार्डांवर ३.५ टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा मिळून ४.१३ टक्क्यांचा भार वाढतो. अनेक योजनांची माइल्सविक्री टोरांटोच्या 'पॉइंट्स' या मध्यस्थ कंपनीमार्फत होते, म्हणून कार्डाच्या विवरणात विमान कंपनीचे नाव न दिसता या मध्यस्थाचे दिसू शकते आणि विमान तिकिटांच्या खर्चावर कार्ड जे जादा पॉइंट्स देते ते अशा खरेदीवर मिळतीलच असे नाही.

हे सर्व एका उदाहरणात घालून पाहिल्यास तुलनेची रीत स्पष्ट होते. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. मुंबईहून फ्रँकफर्टला बिझनेस वर्गाचे एकेरी तिकीट हवे आहे आणि एकाच विमानातील तेच आसन तीन योजनांमधून मिळू शकते असे मानू. 'क' योजनेचा माइल १.४ सेंटला मिळतो, तिकिटाला ८५ हजार माइल्स लागतात आणि कर ६० डॉलर आहे. 'ख' योजनेचा माइल २ सेंटला, म्हणजे तिघांत सर्वांत महाग, पण माइल्स लागतात ५५ हजार आणि कर तेवढाच. 'ग' योजनेचा माइल १.६ सेंटला आणि माइल्स लागतात फक्त ५० हजार, मात्र कर व अधिभार मिळून ५५० डॉलर भरावे लागतात. एकूण खर्च काढला तर 'क'मध्ये १,२५० डॉलर, 'ख'मध्ये १,१६० आणि 'ग'मध्ये १,३५० होतो. ज्या योजनेचा माइल सर्वांत स्वस्त ती मधल्या क्रमांकावर राहिली, जिला सर्वांत कमी माइल्स लागले ती सर्वांत महाग पडली, आणि दराच्या तक्त्यात शेवटी दिसणारी 'ख' योजना प्रत्यक्षात पहिली आली.

आता हेच तिकीट रोखीने १,५०० डॉलरला मिळते असे समजले तर बचत अनुक्रमे २५०, ३४० आणि १५० डॉलर दिसते, परंतु ही बचत अजून कच्ची आहे. रोखीच्या तिकिटावर प्रवाशाला नवे माइल्स मिळाले असते आणि माइल्सच्या तिकिटावर ते सहसा मिळत नाहीत. करपूर्व भाडे १,३०० डॉलर, दर डॉलरला ५ माइल्स आणि माइलचे मूल्य १.३ सेंट धरले तर सुमारे ८५ डॉलरचा लाभ सोडून दिला जातो. हा वजा केला आणि माइल्स व कर दोन्हींवर ४.१३ टक्के चलन शुल्क धरले, तर 'ख'मध्ये २०७ डॉलरच्या जवळपास बचत उरते, 'क'मध्ये ११३, आणि 'ग'मध्ये जेमतेम ९. म्हणजे 'ग' योजनेत प्रवाशाने आगाऊ पैसे गुंतवले, परत न होणारी खरेदी केली, आसन मिळेल की नाही याची चिंता वाहिली आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही. प्रचलित सूत्र असे सांगते की रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावरील कर वजा करावा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागावे. येणारा आकडा खरेदीच्या दराहून मोठा असला की व्यवहार लाभाचा. सूत्र बरोबर आहे, पण वरील दोन वजावटी केल्याशिवाय ते नेहमीच अधिक आशावादी उत्तर देते.

सूत्रातील सर्वांत नाजूक जागा मात्र 'रोख भाडे' ही आहे. जो प्रवासी एरवी ४५० डॉलरच्या इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटानेच गेला असता, त्याने १,५०० डॉलरच्या बिझनेस तिकिटाशी तुलना करून ३४० डॉलर वाचवले असे म्हणणे ही स्वतःची दिशाभूल होय. त्याने वास्तविक ७१० डॉलर अधिक खर्च करून आराम विकत घेतला. लांबच्या रात्रीच्या प्रवासात, विशेषतः गुडघेदुखी किंवा पाठीचा त्रास असलेल्यांना, आडवे होता येणाऱ्या आसनासाठी तेवढी रक्कम मोजावीशी वाटणे पूर्णपणे योग्य असू शकते, पण त्याला बचत न म्हणता खर्च म्हणूनच तोलावे. तुलनेसाठी घ्यायचे भाडे तेच, जे आपण खरोखर भरले असते. त्याच मार्गावर एक थांबा घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे भाडे कमी असेल आणि तो प्रवास चालण्यासारखा असेल, तर तेच भाडे सूत्रात घालावे.

एका बाबतीत मात्र माइल्सची बाजू उजवी असते. अनेक पारंपरिक कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर एकेरी तिकिटाचे रोख भाडे परतीच्या भाड्याच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक, कधी जवळजवळ तेवढेच असते, तर बहुतेक योजनांमध्ये एकेरी प्रवासाला परतीच्या निम्मेच माइल्स लागतात. शिक्षणासाठी परदेशी निघालेला विद्यार्थी, परतीची तारीख ठरत नसलेले आईवडील, किंवा अचानक दोन दिवसांत निघावे लागणारा प्रवासी यांच्यासाठी हा फरक मोठा ठरतो. डिसेंबरची नाताळची सुटी आणि मे-जूनची गर्दी यांतही रोख भाडी चढतात, पण त्या काळात माइल्सवर आसने मिळणे अधिक कठीण असते, हेही तितकेच खरे.

तिकिटाला किती माइल्स लागतील हे ठरवण्याच्या योजनांच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे. काही योजनांचा तक्ता ठरलेला असतो, म्हणजे दोन प्रदेशांतील किंवा ठरावीक अंतरातील प्रवासाला ठरावीक माइल्स. एअर कॅनडाची नोव्हेंबर २०२० मध्ये नव्याने मांडलेली 'एरोप्लॅन' योजना बहुतेक भागीदार कंपन्यांच्या विमानांसाठी प्रदेश आणि अंतर यांची सांगड घालणारा असाच तक्ता वापरत आली आहे. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, कतार एअरवेज आणि फिनएअर या कंपन्यांच्या योजनांत चालणारे 'एव्हियॉस' हे चलन मुख्यतः अंतरावर आधारलेले असून सामान्यतः प्रत्येक टप्पा वेगळा मोजला जातो. त्यामुळे थांबा नसलेल्या छोट्या उड्डाणांना ते फायद्याचे ठरते आणि दोन-तीन टप्प्यांच्या प्रवासात महाग पडते. याउलट डेल्टाने २०१५ मध्येच आपले तक्ते प्रसिद्ध करणे बंद केले आणि युनायटेडनेही पुढे तोच मार्ग धरला. अशा योजनांत माइल्सची मागणी रोख भाड्याप्रमाणे वरखाली होते. भाडे वाढले की माइल्सही वाढत असतील, तर विकत घेतलेल्या माइलमधून मोठा लाभ निघण्याची शक्यताच मावळते. म्हणून ठरलेला तक्ता असलेल्या योजनेचा माइल विकत घेण्याजोगा, आणि भाड्याबरोबर हलणाऱ्या योजनेचा माइल फार तर तिकिटाला थोडे कमी पडत असतील तेवढाच भरून काढण्याजोगा, असा सर्वसाधारण भेद करता येतो. सिंगापूर एअरलाइन्सची 'क्रिसफ्लायर' योजना तर मुळात अशाच पूरक खरेदीपुरती विक्री ठेवत आली असून तिचा १,००० माइल्सना ४० डॉलर हा दर, म्हणजे माइलमागे ४ सेंट, पाहिला की थोड्याशा माइल्सअभावी तिकीट हुकत असेल तरच तो का परवडतो हे लगेच ध्यानात येते.

उदाहरणातील 'ग' योजनेला बुडवणारा घटक म्हणजे इंधन अधिभार. नावात इंधन असले तरी हा सरकारी कर नसून विमान कंपनीने स्वतः लावलेला भाड्याचाच एक भाग असतो, आणि काही योजना तो माइल्सच्या तिकिटावरही वसूल करतात. ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस वर्गाच्या तिकिटांवर ही रक्कम चांगलीच जाणवते. एरोप्लॅन आणि कोलंबियातील एव्हियांकाची 'लाइफमाइल्स' या योजना मात्र भागीदारांच्या तिकिटांवर हा अधिभार आकारत नाहीत म्हणून ओळखल्या जातात, आणि लुफ्थान्सासारख्या अधिभार लावणाऱ्या कंपनीचे आसन त्यांच्यामार्फत घेतल्यास फरक मोठा पडतो. लुफ्थान्सा, स्विस, टर्किश, सिंगापूर, युनायटेड आणि जुलै २०१४ पासून एअर इंडिया या सर्व कंपन्या १९९७ साली स्थापन झालेल्या 'स्टार अलायन्स' या संघटनेच्या सदस्य आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकीच्या योजनेतील माइल्सवर दुसऱ्या सदस्य कंपनीचे आसन मिळवता येते. मुंबईच्या प्रवाशाला याचा अर्थ असा की आपण ज्या कंपनीने उडणार तिचेच माइल्स घेण्याची गरज नाही. एअर इंडियाचे आसनही कॅनडातील योजनेतून अधिक स्वस्त पडते का, हे पाहणे व्यवहार्य आहे.

तथापि आसन उपलब्ध नसेल तर हे सर्व गणित व्यर्थ ठरते. कंपन्या प्रत्येक उड्डाणातील मोजकीच आसने माइल्सवर सोडतात, आणि भागीदार योजनांच्या सभासदांना त्यांतलीही थोडीच मिळतात. सिंगापूर एअरलाइन्स आपल्या लांब पल्ल्याच्या बिझनेस वर्गाची आसने भागीदारांना क्वचितच देते. म्हणून क्रम असा असावा की प्रथम ज्या योजनेचे माइल्स घ्यायचे तिच्याच संकेतस्थळावर सभासद म्हणून प्रवेश करून हवी ती तारीख आणि हवे तेवढे प्रवासी घालून आसन शोधावे, कर भरण्याच्या टप्प्यापर्यंत जाऊन आकडा पाहावा, आणि तीच आसने त्या संघटनेतील दुसऱ्या एखाद्या योजनेतही दिसतात का हे पडताळावे. काही वेळा संकेतस्थळ असे आसन दाखवते की जे प्रत्यक्षात राखीव होत नाही. दोन ठिकाणी दिसणारे आसन बहुधा खरे असते, आणि शंका असल्यास योजनेच्या दूरध्वनी केंद्राकडून खात्री करून घेता येते. माइल्स अनेकदा लगेच जमा होतात, पण एक-दोन दिवस लागण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि काही योजना नवीन खात्याला सुरुवातीचे काही दिवस खरेदी करू देत नाहीत, म्हणून खाते आधीच उघडून ठेवावे. खरेदी केलेले माइल्स परत करता येत नाहीत. तिकीट रद्द केल्यास माइल्स खात्यात परत येतात की नाही आणि त्यासाठी किती शुल्क पडते, हे आधी वाचलेले असावे, कारण चांगल्या अटी असलेल्या योजनेत थोडा अधिक दर देणेही शहाणपणाचे ठरते.

आसन नजरेसमोर नसताना, केवळ बोनस मोठा आहे म्हणून माइल्स साठवून ठेवणे हे या विषयातील सर्वांत महागडे धोरण आहे. योजनेचे तक्ते बदलण्याचा अधिकार कंपनी नियमावलीतच राखून ठेवते. क्रिसफ्लायरने जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ पासून तिकिटांसाठी लागणारे माइल्स वाढवले. तिने निदान आधी सूचना दिली, काही योजना तीही देत नाहीत. कायद्याचा आधारही तोकडा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध वोलेन्स या खटल्यात करारभंगाचा दावा सभासद करू शकतो असे मान्य केले, परंतु २०१४ च्या नॉर्थवेस्टविरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात, योजनेतून काढून टाकलेल्या सभासदाने प्रामाणिक व्यवहाराच्या गर्भित तत्त्वावर केलेला दावा त्याच न्यायालयाने १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्याच्या आधारे फेटाळला. करारात जे लिहिले आहे तेवढेच हाती, आणि करार कंपनीने लिहिलेला. त्यातही कंपनीच बंद पडली तर काय होते हे भारतीय प्रवाशांनी पाहिलेले आहे: जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तिची 'जेटप्रिव्हिलेज' योजना पुढे 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली, पण ज्या आसनांसाठी सभासदांनी माइल्स जमवले होते ती आसनेच उरली नव्हती. याशिवाय मुदतीचा प्रश्न आहे. युनायटेड आणि डेल्टा यांच्या माइल्सना मुदत नाही, एरोप्लॅनमध्ये १८ महिने खात्यात कोणतीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात, आणि क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांनी संपतात.

भारतात राहणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी आपल्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स तपासावेत, कारण अनेक बँका आणि अमेरिकन एक्सप्रेस ते विमान योजनांत वळवू देतात आणि चलन शुल्काचा प्रश्न तेथे येत नाही. वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत, त्यामुळे आसन आधी शोधण्याचा नियम तेथेही पाळावा. दलाल किंवा अनोळखी व्यक्तीकडून माइल्स अथवा त्यावर काढलेले तिकीट घेऊ नये. जवळजवळ सर्वच योजनांच्या नियमांत हे निषिद्ध असून तिकीट प्रवासाच्या ऐन वेळी रद्द होऊ शकते आणि खातेही बंद होते.

अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेली अनेक मराठी मुले पुण्या-मुंबईच्या आईवडिलांसाठी तिकिटे काढतात, आणि विकतचे माइल्स खरोखर उपयोगी पडावेत असा हा प्रसंग असतो: प्रवास लांबचा, परतीची तारीख अनिश्चित, आरामाची गरज खरी, आणि पैसे भरणारे कार्ड डॉलरचे, म्हणजे ४.१३ टक्क्यांचा भार नाही. येथे काही गोष्टी आणखी पाहाव्या लागतात. सभासदाने दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढण्यावर योजनांची बंधने असतात. कोरियन एअरची योजना ते कुटुंबीयांपुरते मर्यादित ठेवते आणि क्रिसफ्लायरमध्ये मोजक्या नामनिर्देशित व्यक्तींनाच ते देता येते, त्यामुळे आईवडिलांची नावे आधी नोंदवून ठेवावीत. आईवडील दोघे असतील तर एकाच उड्डाणात दोन आसने मिळतात का, हे दोन प्रवासी घालूनच शोधावे, कारण एकासाठी दिसणारे आसन दोघांसाठी शोधताना नाहीसे होऊ शकते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. माइल्स वाचवण्यासाठी मुंबई ते युरोप एका योजनेतून आणि पुढचा टप्पा दुसऱ्या तिकिटावर काढला, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यावर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी राहत नाही, सामान पुन्हा घेऊन पुन्हा द्यावे लागू शकते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. व्हीलचेअरची विनंती प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीकडे पोहोचली पाहिजे, आणि त्यासाठी तिकीट निघताच योजनेकडून मिळालेल्या क्रमांकाखेरीज त्या कंपनीचा स्वतंत्र आरक्षण क्रमांक मागून घ्यावा; त्याच क्रमांकावर तिच्या संकेतस्थळावर आसन निवडता येते, जेवण सांगता येते आणि तिकीट खरोखर निघाले आहे की नुसतेच राखीव आहे हेही पाहता येते.